लाल पेनाच्या खुणांचा नकाशा

वरच्या मजल्यावरच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही, तसं कबूल केलंय. पण आभार चारचौघांत मानायचे होते. आमच्यासारखे कितीतरी आई-बाबा सिॲटलला मुलांकडे येतात, त्यांनाही उपयोग होईल.

मी तुला जिन्यात एवढंच विचारलं होतं, की मोपॉपमध्ये, म्हणजे इथल्या पॉप संस्कृतीच्या संग्रहालयात, लिफ्ट आहे का गं? तू संध्याकाळी संग्रहालयाचा नकाशा छापूनच घेऊन आलीस. चहा गार झाला तरी लाल पेन खाली ठेवलं नाहीस. 'इथे बसा.' 'इथे आवाज मोठा, काकूंनी कानाचं मशीन कमी करावं.' 'भयपटांचा विभाग, नातवाला नको.' सगळं मराठीत, टपोऱ्या अक्षरात, यांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

महिन्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका मोठ्या संग्रहालयात गेलो होतो. दारात नकाशा मिळाला, पण अक्षरं मुंगीएवढी. या टोकाहून त्या टोकाला फिरून यांचा गुडघा सुजला आणि अर्ध्यातूनच परतलो. त्यानंतर यांनी बाहेर जायचं नावच टाकलं होतं. दिवसभर खिडकीशी बसायचे. हे तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

तू म्हणालीस तसं तिकीट आधीच ऑनलाइन काढलं आणि वेस्टलेक स्थानकाहून मोनोरेलने गेलो. 1962च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही गाडी दोन-तीन मिनिटांत पोचते, पण शेवटी चक्क मोपॉपच्या इमारतीच्या पोटातून जाते! तू 'खिडकीची जागा धरा' असं का लिहिलंस ते तेव्हा कळलं. वास्तुरचनाकार फ्रँक गेरींनी फोडलेल्या गिटारांच्या तुकड्यांवरून या इमारतीचा आकार सुचवून घेतला म्हणतात. वर धातूचे 21,000 पत्रे. जवळून पाहिलं तर वळणावळणावर रंग बदलतो, नातू तर हात लावूनच बघत होता. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी 2000 साली हे उघडलं ते मुळात संगीतासाठी, याच शहरात जन्मलेल्या गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या प्रेमापोटी. मोपॉप हे नाव 2016चं.

तुझी सगळ्यात मोलाची खूण साउंड लॅबवरची, जिथे वाद्यं स्वतः वाजवून बघता येतात. 'हे शेवटी नाही, आधी. सकाळी गर्दी नसते.' आम्ही मात्र असं सगळं शेवटालाच ठेवणारी माणसं. तुझं ऐकलं आणि दहा-सव्वादहालाच तिथे गेलो.

तुला ठाऊक नसेल, हे तरुणपणी सांगलीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. थोरल्याच्या जन्माच्या वेळी गिटार विकली, ती विकलीच. त्या दिवशी यांनी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसती धरून बसले. मग डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. पहिल्यांदा तार दबलीच नाही, नुसता भुर्र आवाज आला. बोटांवरचे घट्टे कधीच गेलेले. चौथ्या-पाचव्या वेळी कॉर्ड स्वच्छ लागली. नातू ड्रमपाशी उभा होता, तो वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही?" यांनी उत्तर दिलं नाही, पुढची कॉर्ड लावली. अर्धा तास झाला तरी गुडघ्याचा विषय निघाला नाही.

पुढचं सगळं तुझ्या खुणांप्रमाणे. पाचशेहून जास्त वाद्यांचा तो मनोरा तू सांगितलेल्या जागेवरून बसून पाहिला. त्यातल्या काही गिटारी आपल्या आपण वाजतात, यांनी त्या कशा जुळवल्या असतील यावर नातवाशी वाद घातला. स्काय चर्च नावाच्या दालनातल्या मोठ्या पडद्यापाशी मी मशीन कमी केलं. निर्वाणा या रॉक बँडचा विभाग मुलाने पाहिला, आम्ही वरवर. आणि दीड वाजता, पाय दुखायच्या आत, बाहेर. 'सगळं बघायचा हट्ट नको' हेही तूच लिहिलं होतंस.

परवा मुलाने यांना जुनी गिटार आणून दिली. संध्याकाळी खिडकीशीच बसतात अजून, पण गिटार घेऊन. वर ऐकू येत असेल तर सांग, दार लावून घेऊ.

तुझे आई-बाबा मे महिन्यात येणार आहेत ना? नकाशा परत पाठवतेय. यांनी निळ्या पेनाने दोन खुणा वाढवल्यात. वेस्टलेकला मॉलमधून लिफ्टने वर जायचं, जिना चढायचा नाही. आणि साउंड लॅबपाशी 'तासभर ठेवा'.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू