ग्रेट ओशन रोडवरून एकटीने: आई-बाबांना पत्र

जिलाँग, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सर्वांत आधी, सायकलवरच्या सहलीहून मी सुखरूप परत आले आहे. हातपाय धड आहेत, सायकल धड आहे आणि सोमवारपासून नेहमीसारखी ड्यूटीवर रुजू झाले आहे. हे फोनवर सांगितले होतेच. पण फोनवर आईचा आवाज भरून आला की माझेही शब्द अडतात आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दादा हे छापून देईल. बाबांनी इतक्यात डोळ्यांना ताण देऊ नये. आई, तूच त्यांना वाचून दाखव आणि काळजीची जागा आली तरी मध्येच थांबू नकोस, कारण तिचे उत्तर पुढे लिहिलेले आहे.

खोली, ड्यूटी, डबा यांविषयी तुम्हाला सगळे ठाऊक आहे, त्यात काही बदल नाही. आईचा पहिला प्रश्न होता की मी एकटी का गेले. इथे वॉर्डातल्या कोणाचीही रजा कोणाशी जुळत नाही आणि सोबत मिळेपर्यंत थांबले असते तर हाही वसंत निघून गेला असता. पण खरे कारण एवढेच नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या हाकेला ओ देत असते, आणि ते काम मला आवडते. तरीही काही दिवस स्वतःच्या वेगाने जावे, वाटेल तिथे थांबावे आणि वाटेल तेव्हा निघावे, असे फार दिवसांपासून मनात होते. याचा अर्थ मी इथे एकाकी पडले आहे, असा कृपा करून काढू नका.

बाबा, तुम्हाला रस्ता नेमका कोणता ते हवे होते. टॉर्की ते ॲलन्सफर्ड असा सुमारे २४० किलोमीटरचा हा ग्रेट ओशन रोड ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याने जातो. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सुमारे ३००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी डोंगर फोडून तो बांधला आणि युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मृतीला अर्पण केला. बहुतेक लोक टॉर्कीहून पश्चिमेकडे जातात, कारण इथेही वाहने डाव्या बाजूने चालतात आणि त्या दिशेने जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो. मी विचारपूर्वक उलट दिशा घेतली. सायकल ट्रेनमध्ये चढवून जिलाँगहून वॉर्नांबूलला गेले आणि तिथून पूर्वेकडे, म्हणजे घराकडे, चालवत आले. त्यामुळे कड्याची बाजू रस्त्यापलीकडे राहिली, जमिनीची बाजू माझ्याकडे आली, आणि या किनाऱ्यावर बहुधा पश्चिमेकडून येणारा वारा पाठीवर मिळाला. दर मुक्कामागणिक माझी खोलीही जवळ येत होती. तेव्हा मी उठले आणि निघाले असे झालेले नाही. हे सगळे आधी नकाशावर मांडून पाहिले होते.

वाहनांची भीती तुम्हाला सर्वांत जास्त आहे, म्हणून तेही सांगते. या राज्यात २०२१ पासून असा नियम आहे की, ज्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरपर्यंत आहे तिथे सायकलस्वाराला ओलांडताना किमान एक मीटर आणि त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर दीड मीटर अंतर सोडावेच लागते. पुढे वळण असेल आणि तेवढी जागा नसेल, तर मोठाल्या बसगाड्यासुद्धा माझ्यामागे सायकलच्या गतीने येत राहिल्या आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. जागा मिळाली की मी बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ देत असे. मुक्काम रोज वस्तीतच केला, अंधार पडल्यावर सायकल चालवली नाही आणि हेल्मेट तर इथे १९९० पासून कायद्यानेच सक्तीचे आहे.

हेल्मेटवरून आठवले. मी पाठवलेल्या फोटोत डोक्यावर काटे कसले उभे आहेत, असे आईने तीनदा विचारले आणि वहिनीला ती फॅशन वाटली, म्हणून याचा उलगडा नीट करते. इथे मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी सगळीकडे दिसतो. अंगाने कावळ्याएवढा असतो आणि गातो फार गोड. वर्षभर तो आपल्या वाटेला जात नाही. पण इथल्या वसंताच्या सुमारास, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्याच्या विणीचा काळ असतो आणि घरट्यात अंडी-पिल्ले असेपर्यंतचे काही आठवडे काही नर पक्षी घरट्याच्या आसपास येणाऱ्या माणसावर मागून झडप घालतात. सायकलस्वारांवर त्यांचा विशेष राग असतो. तो येताना दिसत नाही. कानाशी पंखांचा वारा लागतो, चोच मिटल्याचा कटकन आवाज होतो आणि आपण मान वळवेपर्यंत तो पुढच्या तारेवर जाऊन बसलेला असतो. यावर उपाय म्हणून लोक विजेच्या वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या हेल्मेटच्या भोकांतून ओवतात आणि त्यांची टोके न कापता वर उभी ठेवतात. पोस्टमनपासून ऑफिसात जाणाऱ्या साहेबांपर्यंत सगळे असे काटे लावून फिरतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. काही जण हेल्मेटच्या मागच्या बाजूला मोठे डोळे रंगवतात.

मला खरे नवल वाटले ते पुढचेच. पक्ष्याला कोणी दगड मारत नाही, घरटे कोणी पाडत नाही; त्याला कायद्याने संरक्षण आहे. उलट नगरपालिका त्या झाडाजवळ पाटी लावते की इथे मॅगपाय झडप घालतो, जपून जा. आणि माणसे ते काही आठवडे आपला रोजचा रस्ता बदलून दुसरीकडून जातात. माझ्या घरमालकीणबाई सांगतात की हा पक्षी माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षात ठेवतो, म्हणून त्याच्याशी वैर करू नये. सायकलवरून उतरून शांतपणे चालत पुढे जावे. मी तेच केले. काट्यांचा कितपत उपयोग होतो यावर इथेच एकमत नाही, पण मला एका झडपेपलीकडे काही झालेले नाही आणि त्यातही चोच हेल्मेटलाच लागली. आई, डोक्याला खरचटलेसुद्धा नाही.

वॉर्नांबूलहून निघाल्यावरचा भाग सपाट आणि उघडा आहे. डाव्या हाताला गाईंची कुरणे आणि उजव्या हाताला जमीन एकदम कापल्यासारखी संपून खाली समुद्र. हे कडे चुनखडीचे असल्याने समुद्र त्यांना सतत आतून पोखरत असतो. तिथे लंडन ब्रिज म्हणून ओळखला जाणारा दोन कमानींचा नैसर्गिक पूल होता. १९९० च्या जानेवारीत त्याची किनाऱ्याकडची कमान अचानक कोसळली आणि पलीकडच्या टोकावर अडकलेल्या दोघा पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. मी कड्याच्या कुंपणापलीकडे पाऊलही टाकले नाही, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकते.

पुढे लॉख आर्ड घळ आहे. तिथे मी बराच वेळ थांबले. १ जून १८७८ च्या पहाटे लॉख आर्ड हे जहाज इंग्लंडहून मेलबर्नला येताना, प्रवास जवळजवळ संपत आलेला असताना, इथल्या खडकांवर आपटून बुडाले. ५४ जणांतले दोघेच वाचले. एक टॉम पिअर्स नावाचा तरुण उमेदवार खलाशी आणि दुसरी आपल्या आईवडिलांबरोबर आणि भावंडांबरोबर निघालेली ईव्हा कारमायकल. टॉम कसाबसा किनाऱ्याला लागला होता, पण तिची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला ओढून वाळूवर आणले, गुहेत ठेवले आणि मग कडा चढून मदत आणायला गेला. त्या दोघांचे लग्न व्हावे असे तेव्हा लोकांना फार वाटत होते. तसे झाले नाही. ती काही महिन्यांनी आयर्लंडला परतली आणि तो पुन्हा जहाजावर गेला. घळीच्या वर छोटी दफनभूमी आहे, तिथे तिच्या घरच्यांचे स्मारक आहे. परक्या किनाऱ्यावर आपले एकही माणूस उरलेले नसताना ती मुलगी परतीच्या जहाजावर कशी चढली असेल, हाच विचार मला दिवसभर सोडत नव्हता. त्या संध्याकाळी मी फोन लांबवत राहिले आणि आईने कारण विचारल्यावर ‘सहजच’ म्हटले, ते यामुळे.

ट्वेल्व्ह अपॉसल्स या प्रसिद्ध सुळक्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. नावात बारा असले तरी आज आठच उभे आहेत. एक तर २००५ मध्ये काही क्षणांत ढासळला. तिथे फार गर्दी होती आणि मी लवकर पुढे निघाले.

आता ज्या दिवशी माझा फोन लागला नाही, त्याविषयी. प्रिन्सटाउननंतर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि लेव्हर्स हिलपर्यंत, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास, चढत जातो. दोन्ही बाजूंना माउंटन ॲश नावाची निलगिरीची झाडे आहेत. फुले येणाऱ्या वृक्षांत जगात सर्वांत उंच वाढणाऱ्यांपैकी ही एक. खाली माणसापेक्षा उंच नेचे, सतत ठिबकणारे पाणी आणि मोबाईलला रेंज नाही. तिथे एकदा एक एकिडना, म्हणजे साळिंदरासारखा काटेरी अंगाचा छोटा प्राणी, रस्त्याच्या कडेला मुंग्या उकरत होता. माझी चाहूल लागताच त्याने पळून जाण्याऐवजी जागच्या जागी मातीत अंग रुतवले आणि फक्त काटे वर ठेवले. पुष्कळ वेळ मी सायकल धरून उभी राहिले, तेव्हा त्या काट्यांमधून मातीने माखलेले लांबट नाक हळूच बाहेर आले, दोनदा हुंगले आणि पुन्हा कामाला लागले. त्या वेळी तुम्ही मला पुन्हा पुन्हा फोन करत होतात, हे रेंज आल्यावर कळले आणि जिवाला फार लागले. पण मी मदतीवाचून नव्हते. घरमालकीणबाईंनी आग्रहाने एक लोकेटर बीकन सोबत दिला होता; मोबाईलला रेंज नसली तरी त्याचे बटण दाबले की उपग्रहामार्फत बचाव पथकाला आपली जागा कळते. त्याची गरज पडली नाही. पुढच्या वेळी रेंज नसलेल्या भागाची वेळ तुम्हाला आधीच कळवीन.

पुढच्या वेळी असे लिहून गेले आहे, तर ते तसेच राहू देते. मी पुन्हा जाणार आहे.

अपोलो बेपासून लॉर्नपर्यंतचा भाग सर्वांत देखणा. डोंगराची भिंत डाव्या खांद्याशी आणि पलीकडच्या लेनच्या लगेच खाली लाटा. लॉर्ननंतर ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी कमान आहे आणि शेजारी रस्ता खोदणाऱ्या दोन सैनिकांचा पुतळा. चढावर माझी दमछाक झाली तेव्हा मला त्यांचीच आठवण येई: युद्धातून वाचून परत आल्यावर त्यांनी कित्येक वर्षे इथे तंबूत राहून खडक फोडला. टॉर्कीला रस्ता संपला आणि तिथून घरी येऊन मी आधी तुम्हालाच फोन केला.

तेव्हा कुठे मला बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे समजले. मी लॉख आर्डहून फोन केला तेव्हा ‘बाबा झोपलेत’ असे आई म्हणाली होती, आणि बाबा तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून शेजारीच बसलेले होते. मी रागावलेली नाही. मीही निघाल्यावरच तुम्हाला कळवले होते, तेव्हा रागावण्याचा अधिकार मला नाही. पण मी स्वतः नर्स आहे. परक्या माणसांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालते आणि बाबांच्या डोळ्यांत ते दादाने घातले, ही गोष्ट मला खुपते. दुसऱ्या डोळ्याची तारीख मात्र मला विचारल्याशिवाय ठरवू नका. ऑपरेशनचे आणि छोटीच्या लग्नाच्या कार्यालयाच्या उरलेल्या रकमेचे पैसे दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. सहलीसाठी मी वेगळे साठवले होते, तुमच्या पैशांना हात लावलेला नाही. दिवाळीला मी नाही, म्हणून फराळाचे पार्सल पाठवायचा खटाटोप करू नका. इथे सगळे मिळते.

छोटीचे लग्न माझ्यासाठी अजिबात थांबवू नका. थोरलीच्या आधी धाकटीचे, असे लोक बोलतील हे मला कळते, आणि ते मला नाही, तुम्हाला ऐकावे लागते हेही कळते. साखरपुड्याला मला येता येणार नाही, पण लग्नाआधी आठवडाभर मी घरी असेन. तिकीट काढले आहे. मामांनी सुचवलेल्या मेलबर्नच्या स्थळाला मी भेटायला तयार आहे, त्यांना तसे कळवा. आत्या म्हणतात की एकटीने सायकलवर भटकण्याचे त्या लोकांना सांगू नये. ते मी सांगणार आहे, आणि पहिल्याच भेटीत. बाबांनी यावर आत्यांशी वाद घालू नये; मी आले की त्यांच्याशी स्वतः बोलेन.

थेंब दिवसातून डॉक्टरांनी सांगितले तितक्या वेळा आणि हात धुऊनच घालावेत. पैसे जमा झाले की दादाला कळवायला सांगा.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची लेक