प्रश्न मीच विचारला

पुणे, 6 एप्रिल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याबद्दलच्या शिव्या हे पत्र वाचून झाल्यावर दे. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात आहे.

आपल्या केंद्राच्या बीजनिधीच्या, म्हणजे नवे संशोधन सुरू करून देणाऱ्या छोट्या निधीच्या, छाननी समितीवर यंदा मला घेतले आहे. (हसून घे.) परवा एका नव्या सहायक प्राध्यापिकेचा प्रस्ताव आला. ज्या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे लोणारचे तळे 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले होते, त्यांची विकरे (एन्झाइम्स) कपडे धुण्याच्या पावडरीत टिकतील का, एवढेच तिला पाहायचे होते आणि त्यासाठी पाच लाख हवे होते. सगळे गप्प होते. मीच विचारले, "आधीच्या प्राथमिक प्रयोगांचा प्रिलिमिनरी डेटा कुठे आहे?" हातातली गाळाची बाटली टेबलावर ठेवत ती म्हणाली, "सर, तो मिळवायलाच तर पैसे मागते आहे."

सुधीर, हे उत्तर तुझे आहे. ताकातल्या जिवाणूंचा तुझा प्रस्ताव परत आला, त्या दिवशी कँटीनमध्ये अर्धा वडा तसाच टाकून तू म्हणाला होतास की, या लोकांना पेरणीआधी कणसे मोजायची आहेत. आणि त्या समितीचा उद्धार तुझ्याहून जास्त मी केला होता. संशोधनाला पैसे देणारी सर्बसारखी सरकारी संस्था दोन वर्षांना 30 लाख देई, तेव्हा तिने आधीचे आकडे मागणे मला समजत असे. ती आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाली, तरी ती अपेक्षा काही गेली नाही. पण बीजनिधी तर त्या दारापर्यंत पोचण्यासाठीच असतो. मग मी तसे का विचारले? खरे सांगायचे तर, नुकताच 31 मार्च उलटला होता, मिळालेला निधी कसा खर्च झाला हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रांचा गठ्ठा डोळ्यांपुढे होता, आणि त्यातल्या 'निष्पत्ती' या रकान्यात "प्रयोग फसला" असे लिहिण्याचे धैर्य मला आजवर एकदाही झालेले नाही.

जाता जाता, आपल्या प्रयोगशाळेतला उणे 80 अंशांचा फ्रीझर त्या रात्री मी उघडा ठेवला नव्हता, हे पुन्हा लेखी नोंदवतो.

चिन्मयीचे दहावीचे पेपर कसे गेले? घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार सांग.

गुणपत्रक शुक्रवारी द्यायचे आहे. 'यशाची शक्यता' या रकान्यात मी दहापैकी 4 गुण पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. तुझ्या त्या प्रस्तावाची प्रत कुठे सापडली, तर पहिल्या पानाचा फोटो त्याआधी पाठव.

तुझा,
श्रीराम