विषय: पावसात चालत्या गिअरमध्ये बंद पडणारी तुमची नवी अ‍ॅडव्हेंचर बाईक आणि त्यावर मिळालेले उत्तर

प्रति,
विक्रीपश्चात सेवा प्रमुख आणि उत्पादन गुणवत्ता प्रमुख,
मुख्य कार्यालय.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी जे बोलणे झाले, त्यानंतर आम्ही फोन करणे बंद केले आहे. यापुढे जे असेल ते लेखी. हे पत्र डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे आणि म्हापसा भागातल्या गाडीमालकांचे आहे. चॅसिस नंबर, किलोमीटर आणि जॉबकार्डांच्या प्रती सोबत आहेत. गाडीत काय काय आहे ते तुम्हाला सांगत बसत नाही, ती तुम्हीच बनवली आहे.

मुख्य तक्रार एकच. साइड स्टँडच्या स्विचचे कनेक्टर पाणी घेते आणि गाडी गिअरमध्ये, चालत असताना, इंजिन बंद करते. बाकी तक्रारी पुढे आहेत. त्या घेऊन आम्ही वर्षभर थांबू शकतो. या तक्रारीला थांबता येत नाही.

लक्षण असे. पाऊस अर्धा-पाऊण तास सलग लागला की डिस्प्लेवर साइड स्टँडचे चिन्ह क्षणभर उमटते आणि इंजिन जाते. स्टँड पूर्ण वर असतो. गाडी न्यूट्रलला घेऊन बटण दाबले की पहिल्या दमात सुरू होते, आयडलिंग स्वच्छ, रेस दिली तरी कुठे अडखळत नाही. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की पुन्हा बंद. न्यूट्रलला चालू, गिअरला बंद. म्हापशाच्या स्टँडवरच्या कुठल्याही पायलटला, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला, एवढे सांगितले तर तो थेट साइड स्टँडच्या स्विचकडे बोट दाखवील. तुमच्या सर्व्हिस सेंटरने मात्र कोणाचा स्पार्क प्लग बदलला, कोणाच्या टाकीतला पेट्रोल पंप काढून फिल्टर साफ केला, कोणाची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, आणि बहुतेक जॉबकार्डांवर लिहिले, "पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश." पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी धरून ठेवते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पेट्रोलमध्ये पाणी असते तर इंजिन न्यूट्रललाही खोकले असते. गिअर बघून ते बंद पडले नसते, आणि दोन तास ऊन लागल्यावर आपोआप बरेही झाले नसते.

पाणी कुठून येते तेही शोधून झाले आहे. स्विचची वायर डाव्या बाजूने फ्रेमच्या नळीला धरून वरून खाली येते आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे कनेक्टरमध्ये शिरते. त्या कनेक्टरचे तोंड वर आहे. वायरला त्याआधी खाली झोळ दिलेला नाही, त्यामुळे वायरवरून ओघळणारे पाणी थेंबाथेंबाने सरळ कनेक्टरमध्ये उतरते. पुढच्या चाकाने उडवलेले पाणीही नेमके तिथेच आदळते, कारण पुढचा मडगार्ड मागच्या बाजूने आखूड आहे. आम्ही उघडलेल्या कनेक्टरांमध्ये वायर जिथून आत जाते तिथले रबरी सील ढिले होते, एकात तर नव्हतेच. आतले टर्मिनल हिरवे पडलेले. स्टँड वर असताना मल्टिमीटरवर या दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स शून्याच्या जवळ दिसायला हवा. ओल्या कनेक्टरवर तो काही शे ओमपर्यंत चढतो आणि वायर हलवली की नाचतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारी संगणक पेटी, त्याचा अर्थ 'स्टँड खाली आहे' असा घेते आणि गिअर पडलेला असल्यामुळे इग्निशन तोडते. ईसीयू आपले काम बरोबरच करते. तिला चुकीची खबर देणारे कनेक्टर तुमचे आहे.

आता "स्कॅनरवर एकही कोड नाही, म्हणजे दोष नाही" या वाक्याबद्दल. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर तुमच्या इंजिनिअरांसाठी सविस्तर लिहून ठेवतो. बिघाडाचा कोड येणारच नाही. स्टँड वर असणे आणि स्टँड खाली असणे या दोन्ही ईसीयूच्या दृष्टीने रीतसर स्थिती आहेत. त्यात बिघाड म्हणून नोंदवण्यासारखे तिला काही दिसत नाही. बघायचे असेल तर स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवा, साइड स्टँडची ओळ उघडा, गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवा, आणि एक लिटरच्या बाटलीतून त्या वायरवर वरून हळूहळू पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, पावसाएवढेच. स्टँडची ओळ बदलताना दिसेल आणि इंजिन जाईल. मग कनेक्टर काढून हवेने सुकवा आणि पुन्हा बघा. कोरडे असताना इंजिन चालू राहील. अर्ध्या तासाचे काम आहे. आमच्या एकाही जॉबकार्डवर ही तपासणी झाल्याची नोंद नाही.

हा दोष धोक्याचा का, हेही लिहावे लागते याचे वाईट वाटते. केरीहून चोर्ला घाट चढताना वळणावर गाडी तिरपी असते, उजवा हात रेसवर असतो, आणि मागे मालाने भरलेला ट्रक असतो. त्या क्षणी इंजिन गेले की मागच्या चाकावर एकदम इंजिन ब्रेक बसतो आणि ओल्या डांबरावर ते चाक सरकते. चढावर थांबावे लागले तर दोन्ही बाजूंचे डबे, मागे बसलेले माणूस आणि गाडीचे वजन सांभाळत ती मागे घसरू न देणे हे एकट्याच्या पायाचे काम नाही. दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीत चढताना ओल्या लोखंडी उतरणीवर पहिल्या गिअरमध्ये गाडी बंद पडली, तर पाय टेकवायला धड जागाही नसते. आजपर्यंत कोणी जबर जखमी झालेला नाही. त्यात तुमचे काही कर्तृत्व नाही.

आता कालचा फोन.

तक्रार नोंदवायला राज्य निवडावे लागते. यादीत गोवा नाही असे आम्हाला सांगितले गेले. "महाराष्ट्र घालू की कर्नाटक?" आम्ही म्हटले, गोवा घाला. "सर, सिस्टिममध्ये ऑप्शन येत नाही." शेवटी कर्नाटक घातले. मग वरचे सगळे, कनेक्टर, सील, रेझिस्टन्स, सावकाश समजावून सांगितले. पलीकडून प्रश्न आला, "गाडी बंद पडली तेव्हा पाऊस होता का?" होता. "किती होता?" घाटात जुलैमध्ये असतो तेवढा. "थोडा वेळ होल्डवर राहा." बराच वेळ होल्डवर तुमच्याच जाहिरातीची धून वाजत राहिली. परत आल्यावर सांगितले गेले की टेक्निकल टीमशी बोलणे झाले आहे आणि टीमचा सल्ला असा, "सर, बारिश में राइडिंग अवॉइड कीजिए."

आम्ही ते पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा तेच. किती दिवस टाळायचे, असे विचारले. "पाऊस असेल तितके दिवस, सर." गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, वाळपईकडे त्याहून जास्त, हे सांगितले. हाच सल्ला ईमेलवर द्या म्हटले. "असे मेलवर देता येत नाही." का देता येत नाही, याला उत्तर नाही. वरिष्ठांना फोन द्या म्हटले. वरिष्ठ आले. त्यांनी सुरुवातीपासून सगळे पुन्हा ऐकून घेतले आणि विचारले, "पण गोव्यात पावसाळ्यात ऑफ-सीझन असतो ना? मग तेव्हा कशाला फिरायचे?"

महोदय, आम्ही गोव्यात फिरायला आलेलो नाही. आम्ही इथे राहतो. जुलैमध्ये इथल्या शाळा भरतात, वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींमध्ये पाळ्या सुटतात, रात्री अकराला माणसे भिजत घरी परततात. ज्या वरिष्ठाला आपला ग्राहक कुठे राहतो आणि तिथे काय पडते हे माहीत नाही, त्याला तुम्ही त्या खुर्चीवर कशासाठी बसवले आहे? फोन ठेवल्यावर काही मिनिटांतच अ‍ॅपमध्ये तक्रारीपुढे आले, "निकाली. ग्राहकास वापराबाबत मार्गदर्शन केले." आणि त्याखाली आमच्याकडून तारे मागितलेले. कनेक्टरकडे कोणी बघितले नाही, गाडीला कोणी हात लावला नाही, आणि तक्रार निकाली. ही नोंद आधी दुरुस्त करा. आमची तक्रार उघडी आहे.

तुमच्या जाहिरातीत हीच गाडी ओढ्यातून पाणी उडवत पलीकडे जाते. मालकाच्या पुस्तिकेत प्रेशर वॉशर इलेक्ट्रिकल जोडांवर मारू नये एवढे लिहिले आहे आणि ते आम्ही पाळतो. पावसात चालवू नये असे पुस्तिकेत कुठेही नाही. विकताना शोरूममध्येही कोणी म्हटले नाही. म्हटले असते तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकानेही ती घेतली नसती.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मागच्या चाकाच्या एबीएस सेन्सरपाशी जांभ्याचा चिखल बसतो, वाळून घट्ट होतो आणि एबीएसचा दिवा लागतो. रिंग आणि सेन्सर मऊ ब्रशने साफ केले की दिवा जातो, पण तिथे एक छोटा पत्र्याचा आडोसा दिला असता तर ही वेळच आली नसती. मडगार्ड आखूड असल्याने रेडिएटरचा खालचा तिसरा हिस्सा चिखलाने बुजतो आणि पर्वरीच्या कोंडीत पंखा थांबायचे नाव घेत नाही. आम्ही इंजिनच्या बाजूने पुढे असे कमी दाबाचे पाणी सोडून तो धुतो आणि मडगार्डला दहा-बारा सेंटिमीटरची जोड लावतो. ही जोड तुम्ही कारखान्यातूनच द्यायला हवी होती. किनाऱ्यालगतच्या गाड्यांच्या स्पोकची निपल पहिल्याच वर्षी गंजली, त्यावर "पृष्ठभागावरचा गंज वॉरंटीत बसत नाही." निपल गंजून रिममध्ये जाम झाले की स्पोकचा ताण जुळवता येत नाही आणि चाक लंगडू लागते. तो पृष्ठभागाचा प्रश्न राहत नाही. आणि रस्त्यावरची मदत: चोर्ल्याच्या माथ्यावर गाडी बंद पडली की गोव्याचे केंद्र म्हणते ती जागा कर्नाटकात आहे, बेळगावचे केंद्र म्हणते गाडी गोव्याची आहे. गाडी तोवर रस्त्याच्या कडेला पावसात.

आम्ही ही गाडी वाईट आहे म्हणत नाही, आणि म्हणूनच इतके लिहितो आहोत. खालच्या आरपीएमची ओढ चांगली आहे, तिसऱ्या गिअरमध्ये तिळारीची वळणे झटके न देता निघतात. फुटलेल्या रस्त्यावर सस्पेन्शन तळाला आदळत नाही, उभे राहून चालवताना हँडल योग्य उंचीवर येते. एवढी मेहनत ज्यांनी इंजिनवर आणि फ्रेमवर घेतली, त्यांचे काम एका कनेक्टरपायी आणि त्याहून जास्त तुमच्या सेवा विभागापायी मातीत जात आहे. तुमच्या कंपनीवर विश्वास होता म्हणून पहिल्याच खेपेत बुकिंग केले. ते आता इतरांना सुचवणार नाही.

आमच्या मागण्या. हा दोष लेखी मान्य करा आणि सगळ्या सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक सूचना पाठवा: लाइव्ह डेटावर तपासणी, टर्मिनल आणि कनेक्टर बदलणे, प्रत्येक वायरला सील असलेले नवे कनेक्टर, त्यात पाणी रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस, वायरला खाली झोळ, आणि जोड सीटखाली वर नेणे. खर्च तुमचा, वॉरंटी संपलेल्या गाड्यांसाठीही. हे काम आम्ही स्वतः एका दुपारी करू शकतो, पण वायरिंग कापले की वॉरंटी गेली असे तुमच्याच माणसांनी बजावले आहे. म्हणजे तुम्ही दुरुस्त करणार नाही आणि आम्हालाही करू देणार नाही. वॉरंटीला धक्का न लावता दुरुस्तीची परवानगी तरी लेखी द्या. चुकीच्या निदानावर घेतलेले प्लग, फिल्टर आणि मजुरीचे पैसे परत करा. यादीत गोवा घाला.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे आणि चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) गाड्या दुरुस्त झालेल्या हव्यात, कारण चवथीला आम्ही सगळे घरची माणसे मागे बसवून गावी जातो. उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात एकत्र तक्रार दाखल करू आणि कनेक्टर प्रयोगशाळेत तपासायला लावू. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ खाली गाडी परत बोलावण्यासाठीही तक्रार देऊ. तोवर कोणी घाटात पडले, तर ग्राहक संरक्षण कायद्यातले उत्पादकाची जबाबदारी सांगणारे कलम ८४ तुमचे वकील तुम्हाला वाचून दाखवतील, आणि तुम्हाला आधी कळवले होते याचा पुरावा म्हणून हेच पत्र आम्ही पुढे ठेवू.

आमच्यापैकी एक गाडी या आठवड्यापासून तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आहे. तिचे कनेक्टर आम्ही उघडलेले नाही. मुख्यालयाचा इंजिनिअर येईपर्यंत ती धुऊ नये, सुकवू नये आणि तिचे कनेक्टर आमच्यासमोरच उघडावे, असे तिच्या जॉबकार्डवर लिहून सही घेतली आहे. इंजिनिअर कधी येणार ती तारीख कळवा.

उत्तर गोव्यातील गाडीमालक,
डिचोली, गोवा