द्राक्षांच्या तापमानाचा कागद शेतकऱ्यालाही द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तांबड्या समुद्रातल्या अडचणींमुळे नाशिकच्या द्राक्षांना युरोपात फटका बसतो, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी खोटी नाही. 2023 च्या नोव्हेंबरापासून हुती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि न्हावा शेवा ते रॉटरडॅमचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. पण तेव्हापासून एक सोय झाली आहे. माल खराब निघाला की समुद्राकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. समुद्र काही खुलासा करायला येत नाही.

मी निफाड तालुक्यातला तीन एकरांचा द्राक्ष बागायतदार. बाग वडील बघत होते तेव्हा सहा हंगाम मी एका पॅकहाऊसमध्ये रात्रपाळीला कंटेनर भरायचं काम केलं आहे. तेव्हा पुढे लिहितो ते ऐकीव नाही.

मार्च 2024 मध्ये माझी थॉमसन जातीची द्राक्षं एका निर्यातदारामार्फत युरोपला गेली. दोन महिन्यांनी हिशेब आला, किलोमागे 19 रुपये कापून. कारण, 'क्वालिटी क्लेम', म्हणजे माल खराब पोचल्याची तिकडच्या घेणाऱ्याची तक्रार. पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो. एकात तपकिरी पडलेला देठ, दुसऱ्यात मण्यांच्या बेचक्यात राखाडी बुरशी, तिसरा इतका हललेला की त्यात द्राक्षं आहेत हेसुद्धा सांगावं लागलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "काका, बोटच उशिरा पोचली. आम्ही तरी काय करणार?"

बोट उशिरा पोचली, कबूल. पण त्याच कंटेनरमधला माझ्या शेजाऱ्याचा माल विनातक्रार विकला गेला. त्याची बाग माझ्या बांधाला लागून, छाटणी माझ्या दोन दिवस आधीची. फरक एवढाच, की त्याचे पॅलेट (पेट्या रचलेले लाकडी पाट) आधी चढले, कंटेनर थंड ठेवणाऱ्या मशीनच्या बाजूला. माझे सहा पॅलेट शेवटी, दाराशी. मी तिथेच उभा होतो.

त्या दिवशी काय झालं तेही सांगतो. खुडा सकाळी दहाला उरकला. दुपारी प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल थंड करणं, चालू असताना लाइट गेली आणि जनरेटर चालू व्हायला पाऊण तास लागला. इकडे ट्रेलर फाटकात उभा, बंदरावरची कट-ऑफची, म्हणजे कंटेनर घेणं बंद होण्याची, वेळ जवळ आलेली. मणी शून्य ते दोन अंशांपर्यंत उतरल्याशिवाय द्राक्षं कंटेनरमध्ये चढवायची नाहीत, हा नियम पॅकहाऊसमधल्या नव्या पोरालाही पाठ असतो. माझ्या पेटीत थर्मामीटर खुपसला तर सहा. मी म्हटलं, अजून तीन तास राहू द्या. सुपरवायझर म्हणाला, "जाऊ द्या ना काका, कंटेनरमध्ये होईल थंड."

नाही होत. घोडं इथेच पेंड खातं. रीफर कंटेनर म्हणजे चाकांवरचा मोठा फ्रीज, असं लोकांना वाटतं. तसं धरलं तरी दुधाचं गरम पातेलं घरच्या फ्रीजमध्ये ठेवून बघा, किती वेळ लागतो. इथे तर तेरा टन फळ असतं. कंटेनरचं मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, गरम माल थंड करण्यासाठी नाही. त्यातून द्राक्षं श्वास घेतात, स्वतःची ऊब तयार करतात. रत्नागिरीची गोठवलेली कोळंबी उणे 18 ला जाते, तिच्या भोवतीने गार वारा फिरला तरी भागतं, कारण आत काही जिवंत नाही. फळाचं तसं नाही. तिथे वारा प्रत्येक पेटीच्या आतून गेला पाहिजे. तो खालून, फरशीच्या पन्हाळींतून येतो, पेट्यांच्या भोकांतून वर चढतो आणि छताखालून मशीनकडे परततो.

आता दाराशी शेवटच्या पॅलेटनंतर वीतभर-हातभर फरशी उघडी राहते. ती पुठ्ठ्याने झाकली नाही तर वाऱ्याला सोपी वाट मिळते. तो तिथूनच वर निघून जातो, पेट्यांत शिरतच नाही. आम्ही रात्रपाळीला हा पुठ्ठा विसरलो तर आमचे मुकादम भरलेलं दार पुन्हा उघडायला लावायचे. त्या दिवशी घाईत पुठ्ठा लागला नाही. वर माल कोमट. कोमट पेटीत ओल धरते, ओलीने बुरशी रोखायला पेटीत घातलेल्या ग्रेप गार्डच्या कागदातला गंधकाचा वायू पहिल्या काही दिवसांतच उडून जातो आणि पुढचा महिनाभर बुरशीला रान मोकळं. आफ्रिकेचा वळसा या दुखण्यावर डागणी ठरला, पण दुखणं नाशिक जिल्ह्यातून बरोबर नेलं होतं.

ही गोष्ट जुनीच आहे. 1882 मध्ये न्यूझीलंडहून लंडनला गोठवलेलं मांस घेऊन 'ड्युनेडिन' नावाचं शिडाचं जहाज 98 दिवसांत पोचलं. वाटेत कप्तानाच्या लक्षात आलं की आत गारवा आहे, पण नीट फिरत नाही. तो स्वतः आत सरपटत गेला, करवतीने हवेसाठी जादा भोकं पाडली आणि गारठून मरता मरता वाचला. दोरीने ओढून काढला त्याला. जवळपास पाच हजार धडांपैकी एकच फेकावं लागलं म्हणतात. आपल्याकडे एक पुठ्ठा लावायला वेळ नसतो.

आमचंही चुकतं, हे लपवत नाही. ऊन चढेपर्यंत खुडा चालू ठेवणारे, मण्याच्या आकाराच्या हव्यासाने संजीवकांचा, म्हणजे वाढीवर परिणाम करणाऱ्या औषधांचा, मारा करणारे बागायतदार आहेतच. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या अशाच एका संजीवकाचे अंश द्राक्षांत सापडून युरोपात आपले कंटेनर अडकले, त्यात शहाणपणा कोणी दाखवला नव्हता. तेव्हापासून आम्ही पुष्कळ शिकलो. आज ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेत प्लॉट नोंदवल्याशिवाय आणि औषधांच्या उर्वरित अंशाचा अहवाल आल्याशिवाय एक पेटी युरोपला जात नाही. रॉटरडॅमच्या गोदामात पेटीवरचा नंबर पाहिला की माझी बाग कोणती, हे कळतं.

माझी तक्रार इथे आहे. माझी सगळी माहिती पेटीबरोबर तिकडे जाते, तिकडची माझ्याकडे काहीच येत नाही. रीफरचं मशीन आत सोडलेल्या आणि परत आलेल्या हवेचं तापमान प्रवासभर आपोआप नोंदवत असतं. बहुतेक निर्यातदार पेट्यांत तापमान नोंदवणारा वेगळा डेटालॉगरही टाकतात. म्हणजे कागद असतो. पण बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या माल-पावतीवर, नाव निर्यातदाराचं आणि घेणाऱ्याचं. शेतकरी त्यात कुठेच नाही, फक्त कपात सोसायला आहे. मी तापमानाचा आलेख मागितला तर "तो कंपनीचा डेटा असतो" असं ऐकवलं गेलं. शिवाय त्यात मधूनमधून दिसणारे चढ मशीनवर साचलेला बर्फ वितळवण्याच्या फेरीचे असतात की खरे, हे तुम्हाला कळणार नाही, असंही. ते मला कळतं. ज्यांना कळत नाही, त्यांना कृषी विभागाचा माणूस समजावून देईल.

अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने, आणि राज्याच्या पणन विभागाने एवढंच करावं. क्लेमच्या नावाखाली पैसे कापायचे असतील तर तापमानाचा आलेख हिशेबाला जोडणं बंधनकारक करावं. आणि कंटेनर भरताना मण्याचं तापमान किती होतं, कोणाचे पॅलेट कुठे चढले, हे एका कागदावर लिहून त्यावर शेतकऱ्याची सही घ्यावी. याला ना नवं यंत्र लागतं, ना मोठा खर्च. चूक माझी निघाली तर 19 रुपये मी मुकाट्याने सोसेन.

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली आहे. निर्यातदार बदलला आहे. नव्या माणसाशी दराचं बोलणं झालं, उचलीचं झालं. आलेखाचं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, "बघू पुढे."

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक