भिंतीवर रडणारी पृथ्वी नको, पाण्याची उंची हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीत भिंती रंगवायच्या ठरल्या की विषय ठरलेलेच: रडणारी पृथ्वी, ओंजळीतले रोपटे, ‘पाणी वाचवा’. महापुरात बुडणाऱ्या गल्लीत ‘पाणी वाचवा’ वाचून कुणाला काय वाटत असेल, कोण जाणे! त्याच भिंतीवर २०१९ चे पाणी कुठवर होते ती रेघ आणि तिच्याखाली खऱ्या मापाचे दार, माणूस, विजेचा मीटर काढला, तर बघणारा आधी स्वतःचा मीटर किती उंचीवर आहे ते आठवतो. नदीच्या जागेत आपण किती शिरलो, हा प्रश्न त्यानंतर पडतो.

पण रेघ चुकली तर चित्रच फसवते. नेहमीची चूक म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचा पाणीपातळीचा आकडा भिंतीवर उतरवणे. पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी; २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेले. हे माप तिथल्या मोजपट्टीचे. मारुती चौकात नुसते ‘५७ फूट’ लिहिले तर परगावचा माणूस पाच मजले पाण्यात होते असे समजेल. भिंतीवर रस्त्यापासूनची उंची फूट-इंचांत आणि साल लिहावे. खाली बारीक अक्षरात ‘पुलाजवळ इतके फूट झाले की इथे पाणी येते’, कारण पावसाळ्यात बातमीत येतो तो पुलाचाच आकडा.

उंची अंदाजाने धरू नये. गल्लीतल्या दोन-तीन घरांवरचे डाग किंवा जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या जुळवून घ्याव्यात, मग गवंड्याच्या पाण्याच्या पाइपने खूण भिंतीवर आणावी. पाइपात बुडबुडा राहिला की खूण चुकते. म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे दिसते का बघावे. पुराच्या पाण्यालाही उतार असतो, तेव्हा एका पेठेची पातळी दुसऱ्या पेठेत नेऊ नये. जिथे पाणी नाल्यातून उलटे शिरते, तिथे चित्रात बाणही नाल्याकडूनच यावा.

रंगकाम पावसाळा सरताच उरकले तर वर्षभरात पोपडे निघतात. भिंतीतली ओल बाहेर यायला बघते, ऑइल पेंट तिला वाट देत नाही आणि फुगे धरतात. म्हणून आधी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. आतून दव दिसले तर थांबावे. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे मीठ, कोरड्या ब्रशनेच झाडावा, धुतला तर मीठ पुन्हा आत मुरते. जुना चुना खरवडून सिमेंट प्रायमर, त्यावर बाहेरच्या कामाच्या इमल्शनचे दोन हात. रेघेला भडक लाल नको, तो उन्हाने उडतो. गेरूच्या जातीचा ऑक्साइड लाल टिकतो. शिवाय रेघेवर दोन सूत (पाव इंच) खोल खाच मारावी, म्हणजे पुढे कुणी भिंत रंगवली तरी खूण हरवणार नाही.

अशा कामांत दर ठरतो चौरस फुटावर. पुराच्या उंचीच्या मोजणीचा एक दिवस त्यात वेगळा धरावा, एवढीच संबंधितांना विनंती.

— एक भित्तिचित्रकार, सांगली