ऑइल कूलर बसवण्याआधी तेलाचे तापमान मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाचा कडाका वाढला की वाहनविषयक लेखनात एक सल्ला हमखास वाचायला मिळतो: एअर-कूल्ड (वाऱ्यावर थंड होणारी) मोटारसायकल तापत असेल तर पुढे ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल वाऱ्यावर गार करणारा छोटा रेडिएटर, बसवून घ्या. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कूलर कोणत्या गाडीला लागतो, कोणत्या गाडीला तो निरुपयोगी आणि कोणत्या गाडीला चक्क घातक, हे सांगितल्याशिवाय तो देऊ नये, असे वाटते.

मुळात ‘गाडी तापते’ म्हणजे नेमके काय तापते? पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चाकापर्यंत जातो. बाकीची उष्णता सायलेन्सर, हेड (सिलिंडरचा वरचा भाग) आणि ब्लॉकच्या फिन्स (बाहेरची पातळ पाती) आणि तेल यांच्या वाटे बाहेर पडते. मांडीला लागणारी झळ ही सायलेन्सरच्या बेंडची आणि फिन्समधून निघालेल्या हवेची असते. फिन्स आपले काम करत आहेत, एवढेच त्यावरून कळते. आतले तेल त्या वेळी ९५ अंशांवर आहे की १३५, याचा त्या झळीवरून काहीही अंदाज येत नाही. कूलर मात्र उष्णता काढतो ती फक्त तेलातली.

दुसरा गैरसमज ट्रॅफिकचा. कूलरमधून वारा गेला तरच उष्णता बाहेर पडते. गाडी सिग्नलला उभी असताना वारा नसतो, आणि आयडलिंगला पंपही हळू फिरत असल्यामुळे तेलाचा प्रवाह अगदी कमी असतो. पंखा नसलेला कूलर अशा वेळी जवळजवळ शोभेचा ठरतो. वाढलेल्या तेलामुळे तापायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकाच फायदा. ज्यांची तक्रार फक्त गर्दीतल्या रखडपट्टीची आहे, त्यांनी लांब थांब्याला इंजिन बंद करावे. कूलरचा विचार सोडून द्यावा. कूलर खरा उपयोगी पडतो तो सलग वेगात, मागे वजन घेऊन, लांब चढावर किंवा ट्रॅकवर, म्हणजे भार जास्त आणि समोरून वाराही भरपूर असतो तिथे.

म्हणून आधी मोजमाप. तेलाच्या टोपीच्या जागी बसणारा डायल थर्मामीटर मिळतो, पण त्याची दांडी प्रत्यक्ष तेलात बुडली पाहिजे. नाहीतर तो क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) हवा आणि उडणारे तुषार मोजतो. त्याहून बरा उपाय म्हणजे ड्रेन बोल्टच्या जागी बसणारा सेन्सर, कारण तो कायम तेलात राहतो. फक्त त्याचे टोक आतल्या जाळीला टेकत नाही ना, ते पाहावे. इन्फ्रारेड गन वापरायची तर उघड्या, चकचकीत अॅल्युमिनियमवर ती धरू नये. तिथे ती खूपच कमी आकडा दाखवते. संपच्या (इंजिनाखालच्या तेल साचण्याच्या भागाच्या) तळाला उष्णता सहन करणारी काळी मॅट टेप किंवा काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर मोजावे. नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या वजनासह निदान अर्धा तास सलग चालवल्यावरचा आकडा धरावा आणि सोबत त्या दिवसाचे हवेचे तापमान लिहून ठेवावे. एअर-कूल्ड इंजिनात हवा जितकी तापते, तितकेच साधारण तेलही वर सरकते. १५ अंश जास्त उकाड्याच्या दिवशी आजच्या आकड्यात १५ मिळवून पाहावे.

आकडा हाती आल्यावर निर्णय बराच सोपा होतो. ९० ते ११० अंश ही तेलाची सुखाची जागा. चढावर थोडा वेळ १२० झाले तरी चांगल्या तेलाला त्याचे काही नाही. सलग प्रवासात आकडा १३० च्या वर राहत असेल तर कूलरचा गंभीरपणे विचार करावा. १२० ते १३० च्या मधल्या पट्ट्यात मी तरी आधी तेल बदलून पाहीन: कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तर एक श्रेणी जाड आणि सिंथेटिक, अर्थात ओल्या (तेलात बुडलेल्या) क्लचसाठी जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए-२ दर्जाचे. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन सुमारे दुप्पट वेगाने होते, असा एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे तेल लवकर बदलणे हाही उपायच आहे, आणि त्यात गळण्यासारखे काही नसते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना तेल एकच असते. गिअरचे दात तेलातले जाडी टिकवणारे पॉलिमर चिरडतात, म्हणजे तापमान ठीक असले तरी तेल पातळ होतच असते. कूलर त्याला काही करू शकत नाही.

आकडा ८० च्या खाली असेल तर कूलर बसवणे म्हणजे इंजिनाचे नुकसान विकत घेणे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातला थोडा अंश पिस्टन रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये उतरतो, जोडीला थोडे न जळलेले पेट्रोलही. तेल पुरेसे तापले तर हे उडून ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर जाते. तेल थंडच राहिले तर टोपीच्या आत पिवळट मलई दिसू लागते, गाळ साचतो आणि बेअरिंगांना गंज धरतो. छोट्या फेऱ्यांसाठीच गाडी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. थंडीत कूलरवर आडोसा लावणे हा तात्पुरता इलाज. कायमचा म्हणजे साधारण ८० ते ८५ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरची वाट मोकळी करणारी झडप.

आकडा जास्त आला तरी लगेच कूलर आणायला धावू नये. आधीपेक्षा गाडी आता जास्त तापत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे, आणि कूलर तो झाकून ठेवील. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाले आहे का? इनटेकच्या रबरी जोडाला तडा गेला की हवा आत ओढली जाते. आयडलिंगवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आपोआप बदलत राहिले तर हा तडा तपासावा. फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा उघडा एअर फिल्टर लावून जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तसाच ठेवला असेल तर तेच कारण. इग्निशन टायमिंग मागे पडले तर जळण उशिरापर्यंत चालते आणि उष्णता एक्झॉस्ट पोर्टवर जाते. पुढे गेले तर इंजिन नॉक करते. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट (त्याची फट कमी) असेल तर व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही आणि आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही. क्लच किंचित घसरत असेल तर त्याच्या प्लेटांची सगळी उष्णता थेट तेलात उतरते. मागचा ब्रेक घासत असणे, चेन अति ताणलेली असणे, फिन्समध्ये चिखल सुकून बसणे, कुणी हौसेने फिन्सना जाड रंग दिलेला असणे, या गोष्टी किरकोळ वाटतात पण आकड्यात दिसतात. तेलाची पातळीही पाहावी: कमी असेल तर तेच तेल जास्त फेऱ्या मारते, जास्त असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि तापवतो.

एवढे सगळे तपासून झाले आणि आकडा तरीही १३० च्या वर आहे, तर कूलर बसवा. पण खरा प्रश्न इथे सुरू होतो: तेल घेणार कुठून आणि परत सोडणार कुठे? कारखान्यातूनच कूलर घेऊन येणाऱ्या गाड्यांत पंप आणि तेलाच्या वाहिन्या त्या हिशेबानेच आखलेल्या असतात. १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० मध्ये तेल पिस्टनच्या तळाशी आणि हेडवर फवारले जाई. तिथे तेल हेच थंड करण्याचे मुख्य माध्यम होते आणि पंप त्याच कामासाठी मोठा होता. रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ किंवा ६५० ची ट्विन (दोन सिलिंडरची) यांचे कूलरही मूळ रचनेचाच भाग आहेत. आपण बाहेरून बसवतो तेव्हा पंप जुनाच असतो.

सगळ्यांत चांगली जोडणी म्हणजे ऑइल फिल्टरपाशी बसणारी, दोन तोंडांची अॅडॉप्टर प्लेट किंवा त्या इंजिनासाठीच बनवलेले फिल्टर कव्हर. इथे सगळे तेल कूलरमधून जाऊन परत मुख्य वाहिनीत येते. म्हणून पाइपचा आतला व्यास ८ मिलिमीटरपेक्षा कमी नको, काटकोनी जोड शक्य तितके कमी हवेत, आणि प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असावा. तो तेल थंड असताना बहुतेक तेल कूलरला वळसा घालून थेट पाठवतो आणि थोडेसे कूलरमधून फिरवत ठेवतो.

दुसरी जोडणी सिंगल सिलिंडर गाड्यांवर सर्रास दिसते: रॉकरकडे (हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाकडे) जाणारा बाहेरचा बारीक पाइप कापून मध्ये कूलर घालणे. हिच्याबद्दल माझे मत कठोर आहे. त्या पाइपातून एकूण तेलाचा लहानसा भागच जातो, म्हणून तापमान फारसे उतरत नाही. उलट कॅम आणि रॉकर यांचे संपूर्ण वंगण आता लांब होज, चार जोड आणि कूलरच्या बारीक नळ्या यांवर अवलंबून राहते. सकाळी गार, घट्ट तेल वरपर्यंत पोहोचायला उशीर होतो आणि झीज नेमकी तेव्हाच होते. तिसरा प्रकार याहून वाईट: दाबाच्या वाहिनीतून तेल घेऊन, कूलरमधून फिरवून सरळ संपमध्ये सोडून देणे. तेल सोपी वाट धरते, बेअरिंगांकडे जाणारा तेलाचा दाब घसरतो. क्रँकला प्लेन बेअरिंग (रोलर नसलेले, तेलाच्या दाबावर चालणारे) असलेल्या इंजिनात याचा शेवट ठरलेला आहे.

लहान क्षमतेच्या कित्येक इंजिनांत रोलर बेअरिंगचा क्रँक, कमी दाबाचा छोटा पंप आणि सेंट्रिफ्युगल (फिरण्याच्या जोराने गाळ वेगळा करणारा) फिल्टर असतो. तिथे कूलरसाठी तोंडच नसते. क्रँककेसच्या कव्हरला भोक पाडून वाट काढू नये. ड्राय संप, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनाचे सोपे आहे: टाकीकडे परतणाऱ्या, कमी दाबाच्या पाइपात कूलर घालावा. मात्र जुन्या ब्रिटिश ट्विनसारख्या गाड्यांत रॉकरचे तेल याच परतीच्या पाइपातून फुटते, तेव्हा कूलर त्या फाट्याच्या पुढे, टाकीच्या बाजूला यावा. वॉटर-कूल्ड गाडीत आधी कूलंट, थर्मोस्टॅट आणि पंखा पाहावा. बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते.

बसवताना जागा चुकली तर तेल थंड आणि हेड गरम, असा उलटा परिणाम होतो. कूलर सिलिंडरच्या अगदी समोर आला की फिन्सचा वारा अडतो आणि पोहोचतो तो आधीच तापलेला. तो फ्रेमच्या पुढच्या नळ्यांवर, हेडच्या वर किंवा बाजूला घ्यावा. हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत वळवून आणि पुढचा फोर्क पूर्ण दाबून मडगार्ड लागत नाही याची खात्री करावी. सिंगलला लहान, पाच ते सात ओळींचा कूलर पुरतो. क्लॅम्पमध्ये रबरी बुश हवेतच. धातूवर धातू आवळला तर कंपनांनी कूलरचे ब्रेझिंग (नळ्यांचे झाळलेले जोड) तडकते. तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. बाजूला असतील तर तेल खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही.

होज तेलासाठीचा आणि दाबाचाच हवा, टोके क्रिंप केलेली (यंत्राने दाबून बसवलेली). गार इंजिन सुरू करताना दाब चालू दाबापेक्षा बराच वर जातो आणि पाण्याचा होज साध्या क्लिपसह निसटतो. निसटलेले तेल मागच्या टायरवर येते. बँजो बोल्टच्या (तेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जोडाच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घालावेत आणि टॉर्क पुस्तकाप्रमाणे द्यावा. अॅल्युमिनियमचे आटे एकदाच माफ करतात. होज सायलेन्सरच्या बेंडपासून दूर ठेवावा, ते जमत नसेल तर त्यावर उष्णतारोधक बाही चढवावी.

सुरू करण्यापूर्वी कूलर आणि होज तेलाने भरून घ्यावेत. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर होजमध्ये सुमारे ५० मिलिलिटर तेल मावते. कूलर धरून एकंदर १५० ते २५० मिलिलिटर जादा लागते. मग किल स्विच बंद ठेवून किक मारत राहावे. किक नसेल तर प्लग काढून, त्याची केबल नीट अर्थ करून स्टार्टर थोडा थोडा द्यावा. रॉकरकडचा बोल्ट किंचित सैल करून तिथे तेल झिरपलेले दिसेपर्यंत इंजिन चालू करू नये. दोन-तीन मिनिटे चालवून, बंद करून, थोडे थांबून गाडी सरळ उभी धरून पातळी पाहावी. पहिल्या ५० किलोमीटरनंतर प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून तपासावा. आणि त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने पुन्हा आकडा घ्यावा. १० ते २० अंशांची घट मिळाली तर काम झाले.

दुसऱ्याच्या गाडीवरून उतरवलेला कूलर घेऊ नये. ज्या इंजिनाचे बेअरिंग गेले त्याचा धातूचा चुरा कूलरच्या नळ्यांत बसतो. कितीही धुतले तरी तो पूर्ण निघत नाही आणि नव्या इंजिनात सुटतो.

आपल्या पत्रातून यापुढे अशा जोडकामाची माहिती छापली जाईल तेव्हा तीन गोष्टी सोबत द्याव्यात, ही विनंती: बसवण्याआधीचे आणि नंतरचे तेलाचे तापमान, त्या दिवशीचे हवेचे तापमान, आणि पाइप कोणत्या वाहिनीतून काढला ते.

आपला,
एक वाचक