पाचवीचं पोरगं चौथीत का?

संपादक साहेब, नमस्कार.

धाकट्या भावाची चिंचवडची नोकरी सुटली, मेअखेर तो बिऱ्हाड घेऊन बेळगावजवळच्या आमच्या गावाला परत आला. पोरगं तिथं चौथी पास झालेलं, टीसीवर तसं लिहिलेलं. जवळच्या अनुदानित मराठी शाळेत घेऊन गेलो तर हेडमास्तरांच्या आधी शेजारच्या खुर्चीतले ट्रस्टीच बोलले, याला कन्नड वाचायला लावा. दुसरीचं कन्नड पुस्तक पुढं ठेवलं, पोरगं नुसतं चित्रं बघत बसलं, चिंचवडात कोण शिकवणार त्याला कन्नड? झालं, चौथीत बसवा नाहीतर दुसरी शाळा बघा. हेडमास्तर मान खाली घालून रजिस्टर चाळत राहिले, बिचारे काय करतील, पगार सरकारचा पण रोजची गाठ कमिटीशी.

आता २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा बघा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या पोरालाही सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क कलम ५ मध्ये आहे. कलम १३ म्हणतं प्रवेशासाठी पोराची चाळणी लावायची नाही, लावली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत दंड, पुढं दर वेळी ५० हजारांपर्यंत. हे सांगितलं तर ट्रस्टी म्हणाले, आमची संस्था भाषिक अल्पसंख्याकांची, आम्हाला आरटीई लागू नाही. खरंय, सुप्रीम कोर्टाचा ६ मे २०१४ चा तसा निकाल आहे. पण अल्पसंख्याक म्हणजे कोण, आम्हीच ना? मराठीत परिपत्रकं द्या म्हणून आम्ही मोर्चात घसा फोडायचा आणि मराठी शाळेनंच मराठी पोराला कन्नड येत नाही म्हणून वर्षभर मागं ढकलायचं, हसावं की रडावं कळत नाही.

ट्रस्टींशी वैर नाही, वर्गणी काढून इमारत त्यांनीच उभी केली, हे गावाला माहीत आहे. पण कुठलं पोरगं कुठल्या वर्गात बसणार हे शिकवणाऱ्यांनी ठरवायचं, वर्गणी काढणाऱ्यांनी नव्हे. कन्नड कच्चं असेल तर रोज अर्धा तास जादा घ्या की. घरी शेजारच्या ताईकडं कागुणित म्हणजे कन्नड बाराखडी गिरवतोय, 'क'ची ओळ न बघता लिहितो आता, आणि शाळेत मात्र गेल्या वर्षीचेच भागाकार परत सोडवतोय.

बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी अशा शाळांत प्रवेशाचा निर्णय नक्की कोण घेतं ते एकदा जाऊन बघावं. दसऱ्याच्या सुट्टीआधी पाचवीत बसवलं तर राहिलेला अभ्यास आम्ही घरी भरून काढू.

एक पालक, बेळगाव तालुका